कोल्हापूरकरांनो, तुमची आवडती बिअर कोणती? (स्ट्राँग का माइल्ड एवढ्यावर थांबू नका)

रंकाळ्याचा_वारा
नमस्कार मंडळी. लई दिवस डोक्यात होतं, आज लिहितोच. आपल्याकडं मिसळ कुणाची भारी यावर दोन दोन दिवस वाद चालतो, रश्श्याला खोबरं किती, कांदा भाजलेला का तळलेला, इथपर्यंत माणूस खोलात जातो, आणि बिअरचा विषय निघाला की सगळं दोन शब्दात खल्लास. स्ट्राँग का माइल्ड. बास. चवीबद्दल कोण बोलतच नाही.

मी शिरोली एमआयडीसीत कामाला लागल्यावर पहिल्यांदा बिअर प्यायलो. शनिवारी शिफ्ट सुटली की चौघं परमिट रूमला बसायचो, वेटर विचारायचा पण नाही, चार स्ट्राँग आणि शेंगदाणे टेबलावर. दहा बारा वर्षं मला तेवढीच बिअर माहिती, बर्फागत गार, आणि एवढी गार असली की जिभेला चव कळत नाही हे तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. मग दोन वर्षांमागं पुण्यात मेहुण्याकडं गेल्तो, त्यानं एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणाऱ्या ठिकाणी नेलं, तिथं छोट्या ग्लासातनं चार पाच प्रकार चाखायला देतात. गव्हाच्या बिअरचा ग्लास नाकाजवळ नेला तर पिकल्या केळ्याचा वास, मागनं बारीक लवंग. मी म्हटलं यात नक्की इसेन्स घातलाय. तर तिथला बनवणारा पोरगा म्हटला, दादा काय घातलेलं नाही, हे जर्मन पद्धतीचं हेफेवाइझन, याचं यीस्टच असलंय की आंबताना केळ्याचा आणि लवंगेचा वास तेच तयार करतं. रात्री झोपताना पण तेच डोक्यात. आपण मटणाला एवढं जपतो आणि शेजारच्या ग्लासात काय आहे ते विचारत पण नाही.

तर सांगा, तुम्हाला कुठली आवडते, का आवडते, कशाबरोबर पिता. किती बाटल्या मारल्या त्याचे किस्से नकोत, चवीचं लिहा.

नादखुळा_पेठकर
मर्दा धागा झकास काढलास पण स्ट्राँगवाल्यांना आधीच बाजूला काढू नकोस. मला स्ट्राँगच आवडते आणि ती चवीसाठीच आवडते. माइल्ड मला पाण्यागत लागते, तोंडात काय राहतच नाही. स्ट्राँगला एक गोडसर जाडी असते, भाजलेल्या मक्यासारखी, फुटबॉलची मॅच बघून आलो, घसा बसलाय, सुक्कं समोर आलंय, तिथं मला तेच लागतं. पैशाचा पण विषय हाय, खोटं कशाला बोलू, एका बाटलीत काम होतंय तर दोन कशाला.

एक विचारतो, आमचे काका बाटली उघडली की अंगठा लावून पाण्याच्या ग्लासात उलटी धरायचे, म्हणायचे ग्लिसरीन खाली उतरतंय बघ. खरंच तसा धागा उतरताना दिसायचा. ते काय असतं?

फौंड्री_५८
पेठकर, एका बाटलीत काम होतंय म्हणता त्याचा हिशोब मांडतो, कारण पुष्कळ जणांना तो माहीत नसतो. आपल्याकडच्या नियमात ५ टक्क्यांपर्यंत माइल्ड आणि ५ च्या वर ८ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग. ६५० मिलीच्या बाटलीत ८ टक्के धरले तर ५२ मिली निव्वळ अल्कोहोल. व्हिस्कीचा ६० मिलीचा पेग ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे जेमतेम २६ मिली. एक स्ट्राँग बाटली म्हणजे दोन मोठे पेग झाले बघा. "मी बिअरच प्यायलोय" म्हणून गाडीला किक मारणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं, कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच आहे.

आता माझी आवड. मी पिल्सनरचा माणूस. जवानीत मुंबईला कामानिमित्त जायचो तेव्हा लंडन पिल्सनर प्यायलो, तेव्हापासून कडवट, कोरडी, स्वच्छ चव जिभेवर बसली ती बसलीच. नाव लंडनचं असलं तरी पिल्सनर काही इंग्लंडची नव्हे, ती आजच्या चेक देशातल्या पिल्झन गावची. १८४२ साली योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन माणसानं तिथं पहिल्यांदा बनवली. गावचं पाणी एकदम हलकं, माल्ट म्हणजे मोड आणलेली बार्ली फिक्कट भाजलेली, शेजारच्या झाटेक भागातले सुगंधी हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेलीची बोंडं, आणि लोकांनी पहिल्यांदा सोन्यासारखी आरपार दिसणारी बिअर बघितली. आज आपण दुकानातनं जी बिअर आणतो ती जवळजवळ सगळी त्याच घराण्यातली, लागर म्हणतात तिला.

लागर या शब्दाचं मूळ जर्मनमध्ये, अर्थ साठवून ठेवणं. ७ ते १३ डिग्रीला हळू आंबवायची आणि मग अजून गार जागी आठवडे आठवडे नुसती पडू द्यायची. आमच्या धंद्यात कास्टिंग साच्यातनं घाईत बाहेर काढलं की तडा जातो, तसंच हे. घाई केलेली लागर मला पहिल्या घोटात कळते, लोण्यासारखा, बटरस्कॉचसारखा वास मागे राहतो. नीट मुरलेल्या बिअरमध्ये यीस्टच तो वास परत खाऊन टाकतं.

सातासमुद्रापार
फौंड्रीकाका, कास्टिंगची उपमा लई आवडली. मी कंपनीच्या कामानं दोन वर्षं बर्मिंगहॅमला होतो, त्यामुळं माझा जीव एलवर, म्हणजे बिअरच्या दुसऱ्या घराण्यावर जडलाय.

पहिल्या आठवड्यात तिथला सहकारी पबमध्ये घेऊन गेला, त्यानं बिटर नावाची तिथली एल सांगितली. बाई लाकडी दांडा ओढून ओढून ग्लास भरालीय, फेस कमी, रंग कडक चहासारखा, आणि हातात घेतली तर गारच नाही. मला वाटलं फ्रिज बिघडलाय. दोन घोट नावाला घेतले. मग तो म्हटला, ही तळघरात ११ ते १३ डिग्रीला ठेवतात, पिंपात यीस्ट अजून जिवंत असतं, बाहेरनं गॅस मारत नाहीत, म्हणून हिला खरी एल म्हणतात. ही पद्धत बंद पडायला लागली तेव्हा १९७१ मध्ये लोकांनी चळवळ उभी केली, कॅमरा नावानं, आणि वाचवली. तिसऱ्या घोटाला मला बिस्किटासारखी चव लागली, मग मुरंब्यासारखी, मग शेवटी चहाची कडवट. ४ टक्क्यांची असते, माणसं एक ग्लास घेऊन तासभर गप्पा मारतात. आणि तिथला पिंट म्हणजे ५६८ मिली, आपण ३३० च्या बाटलीला पिंट म्हणतो.

ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी, एल आणि लागर हा रंगाचा किंवा कडकपणाचा फरक नव्हे, यीस्टचा आणि तापमानाचा आहे. एलचं यीस्ट उबेत काम करतं, १५ ते २४ डिग्री, आंबताना वर येऊन फेसात बसतं, आणि फळांचे वास तयार करतं. काळी स्टाऊट पण एलच आणि ती केळ्याच्या वासाची गव्हाची पण एलच.

बर्टन गाव बर्मिंगहॅमपासनं तासाभरावर, मी मुद्दाम गेलो. इंडिया पेल एल म्हणजे आयपीए ऐकली असेल. आपल्या देशाचं नाव असलेली बिअर आणि आपल्यालाच तिची गोष्ट माहीत नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनला बो भागात हॉजसन म्हणून ब्रुअर होता, त्याची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ. जहाज आफ्रिकेला वळसा घालून इकडं यायला कित्येक महिने लागायचे, हॉप्स जास्त घातलेली बिअर वाटेत टिकायची. त्यानं ही खास भारतासाठी शोधली असं सांगतात ते काही खरं नाही, गरम देशात पाठवायच्या बिअरला हॉप्स जादा घाला हा सल्ला इंग्लंडमध्ये त्याच्या आधीपासनं होताच. पुढं १८२० च्या दशकात बर्टनचे ऑलसॉप आणि बास यांनी तो धंदा घेतला, कारण बर्टनच्या पाण्यात जिप्सम नावाचा क्षार भरपूर, त्यानं कडवटपणा कसा स्वच्छ, टोकदार लागतो. पिल्झनचं हलकं पाणी आणि बर्टनचं जड पाणी, दोन्हीनी दोन वेगळ्या बिअर घडवल्या. आपल्याकडं कुठल्या रानातल्या उसाचा गूळ कसा होतो हे जाणकार जिभेवर ठेवून सांगतो ना, अगदी तेच.

शाहूपुरीची_लेक
मी पण लिहू का? बायका लिहीत नाहीत या विषयावर, पण पितात, आणि चवीनं पितात.

माझी आवडती विट, म्हणजे बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर, होगार्डन किंवा बिरा व्हाइट. पहिल्यांदा प्यायले तेव्हा नवऱ्याला म्हटलं यात धणे आहेत, तो म्हटला तुला सगळीकडं मसालाच दिसतो, मग बाटलीवर वाचलं तर खरंच धणे आणि संत्र्याची साल. एवढा आनंद झाला मला! आमच्या घरी वर्षाची चटणी कांडून आणतात, धण्याचा वास मी झोपेत पण ओळखीन. या बिअरची गोष्ट पण गोड आहे. होगार्डन गावातली शेवटची विट बनवणारी ब्रुअरी १९५७ ला बंद पडली, प्रकारच संपला म्हणा ना. लहानपणी त्या ब्रुअरीत हाताखाली काम केलेला पियेर सेलिस नावाचा एक दूधवाला होता, त्यानं १९६० च्या दशकात आठवणीवर पुन्हा बनवायला घेतली. आपल्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरच्या माणसानं गावची बुडालेली चव परत आणावी तसं वाटतं मला ते वाचून.

आता एक दुखणं. गेल्या वर्षी आम्ही दोघं लग्नाच्या वाढदिवसाला शहरातल्या एका ठिकाणी गेलो, फॅमिली सेक्शन अशी पाटी होती. मी बिअर मागितली तर वेटर माझ्याकडं न बघता नवऱ्याला विचारतो, मॅडमना फ्रेश लाइम देऊ का? दोनदा सांगितलं तरी ग्लास एकच आणला. जेवण झालं, बिल दिलं, पण घरी येईपर्यंत मी बोलले नाही. तेव्हापासनं आम्ही बिअर शॉपीतनं आणून गच्चीवरच बसतो. पांढऱ्या रश्श्याबरोबर विट घेऊन बघा एकदा, खसखस काजूचा तो मऊपणा आणि वरनं संत्र्याची हलकी आंबट झुळूक, मला दुसरं काही नको.

रंकाळ्याचा_वारा
ताई, लिहिलंत ते लई बरं केलंत. त्या वेटरचा प्रकार वाचून वाईट वाटलं. इथं जे हॉटेलवाले वाचत असतील त्यांनी आपल्या पोरांना एवढं तरी शिकवावं की ऑर्डर देणाऱ्याकडं बघून ऑर्डर घ्यायची.

कट्ट्यावरचं_दूध
मी स्वतः पीत नाही, माझा छंद ग्लासभर धारोष्ण दुधापुरता, पण धागा पहिल्यापासनं वाचालोय. एक शंका. आमच्या मोठ्या भावाला मुतखडा झालाय, गल्लीतले सगळे सांगाल्यात रोज एक बिअर पी, पडून जाईल. तो खरंच पिवालाय आता. बरोबर आहे का?

लॅबवाली_मिरज
दादा, भावाला थांबवा. बिअर प्यायल्यावर लघवी जास्त होते हे खरं, पण अल्कोहोल शरीरातलं पाणीच बाहेर काढतं, आणि खड्याला हवं असतं ते भरपूर पाणी आत राहणं. शिवाय युरिक ॲसिडचा खडा असेल तर बिअरनं ते वाढतंच, तिच्यात प्युरिन असतात आणि त्यातनंच युरिक ॲसिड बनतं. साधं पाणी प्यायला सांगा आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायला सांगा. मला बिअर आवडते म्हणूनच सांगते, ती औषध नव्हे.

आणि पेठकर, तुमच्या काकांच्या ग्लिसरीनचं. आंबताना यीस्ट स्वतःच थोडं ग्लिसरॉल, म्हणजेच ग्लिसरीन, तयार करतं, जगातल्या प्रत्येक बिअरमध्ये आणि वाईनमध्ये ते असतं. ते पाण्यात पूर्ण विरघळतं, त्यामुळं बाटली उलटी करून वेगळं काढताच येणार नाही. तुम्हाला जो धागा उतरताना दिसायचा ती बिअरच. तिच्यात न आंबलेली साखर शिल्लक असते म्हणून ती पाण्यापेक्षा किंचित जड, खाली बसते आणि पाणी वर बाटलीत जातं. काका चांगल्या मनानं करायचे, पण होत काय होतं तर बिअर पाणीदार होत होती.

हिरव्या बाटलीबद्दल पण लिहिते. हॉप्समधल्या कडू घटकावर उजेड पडला की गंधकाचा एक संयुग तयार होतो, अगदी उग्र, कुबट वास. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी आणि पांढरी काच नाही. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका, आतल्या खोक्यातली मागा आणि भरल्याची तारीख बघा. व्हिस्की पिंपात मुरून चांगली होते, तशी बहुतेक बिअर बाटलीत ठेवून होत नाही. माझी आवड विचाराल तर स्टाऊट, कॉफीसारखी करपट कडू, भाजलेल्या बार्लीची. लोकांना ती रंगामुळं जड वाटते, पण गिनेस ड्राफ्ट फक्त ४.२ टक्क्यांची आहे, आपल्या माइल्डपेक्षा कमी.

निवृत्त_फौजी_आजरा
जय हिंद मंडळी. लेकीनं हा धागा दाखवला. नोकरीत बरीच वर्षं तोफखान्यात, देवळालीच्या शाळेत पण काढली. तिथलं एक सांगतो. इंग्रजांच्या काळात देवळालीला मायदेशी जाणाऱ्या गोऱ्या शिपायांची छावणी असायची, जहाज मिळेपर्यंत महिनोन् महिने उन्हात बसून काही जणांचं डोकं फिरायचं. त्यावरनं इंग्रजीत डूलाली म्हणजे येडा झालेला असा शब्द पडला, देवळालीचाच अपभ्रंश, डूलाली टॅप असं पण म्हणतात, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीनं तेच नाव घेतलं, डूलाली. लेकीनं नेल्तं तिथं, नाव वाचून मी दारातच थांबलो, जुने दिवस आठवले.

मला कँटीनमधली साधी लागर आवडायची, हिमाचलला पोस्टिंग असताना. लाहौलमध्ये हॉप्सची शेती बघितली तिथं, उंच वेल, हिरवी बोंडं, बोटात चुरली की लिंबासारखा चिकट कडू वास. ते बोंड बघितल्यावर बिअरची चव मला वेगळी लागायला लागली.

लेक बंगळुरूला असते. तिथं टॉइट नावाच्या ब्रुअरीत बासमती तांदळाची एल प्यायलो. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, आमच्या आजऱ्याच्या घनसाळाची का नाही? घनसाळ शिजताना चार घरं सोडून वास येतो. कुणीतरी करा रे पोरांनो, तांदूळ मी देतो.

सातासमुद्रापार
फौजीकाका, काय बोललात! घनसाळाची एल आणि गुळाची डबल, म्हणजे बेल्जियन मठातल्यासारखी काळपट एल. गुळाचं मी गंमत म्हणून लिहीत नाहीये, बेल्जियममधले मठवासी त्यांच्या काळपट एलमध्ये गडद साखर घालतातच, वेस्टमाल, शिमे वगैरे. साखर पूर्ण आंबते म्हणून बिअर कडक होऊन पण अंगानं हलकी राहते, आणि मनुका, खजूर, करपलेल्या साखरेचे वास येतात. त्या जागी आपला गूळ विचार करा. फक्त काकवीचा खारटपणा सांभाळायला लागेल. परवान्याशिवाय घरी बनवायचा विचार कुणी करू नका, गुन्हा आहे, पण पुण्यातल्या ब्रुअरीवाल्यांना कोल्हापूरच्या माणसांनी सांगायला काय हरकत आहे?

रंकाळ्याचा_वारा
रविवारचं सांगतो. घरी तांबडा रस्सा होता, आईच्या हातचा, म्हणजे तिखटात कसर नाही. तीन बाटल्या आणलेल्या, एक साधी लागर, एक आयपीए, एक विट. आम्ही तिघा भावांनी वाटून चाखल्या.

आयपीए मला नुसती प्यायला आवडते, पण तांबड्यावर एक घोट घेतला आणि कानातनं धूर. हॉप्सचा कडूपणा मिरचीचा जाळ वाढवतो, वरनं गॅसचे बुडबुडे जिभेला टोचतात. मिरचीतलं तिखट पाण्यात विरघळत नाही त्यामुळं गार बिअर नुसती फिरवते ते तोंडात. लागरनं घोटापुरतं बरं वाटलं, पुढच्या घासाला परत तेच. विट सगळ्यात चांगली बसली, गव्हामुळं अंगानं मऊ, कडूपणा जवळजवळ नाही. धाकट्याचं मत वेगळं, तो म्हणतो तांबड्याबरोबर काहीच नको, आधी प्या नाहीतर नंतर प्या, रश्श्याचा मान रश्श्याला. आईनं पण त्याचीच बाजू घेतली आणि तिथं मी काय बोललो नाही. सुक्कं आणि भाकरीला मात्र फौंड्रीकाकांची पिल्सनर, यात तिघांचं एकमत.

गगनबावडा_घाट
गोव्याला जाणाऱ्यांनी किंग्ज घेऊन बघा, तिथलीच लागर, छोटी बाटली, मासळीबरोबर आणि दमट हवेत जी लागते ती इथं लागत नाही. तिथंच प्या, येताना डिकीत भरून आणू नका, परमिटशिवाय आणणं गुन्हा आहे आणि घाटात तपासणी असते.

नादखुळा_पेठकर
लॅबवाल्या ताईंचं वाचून काकांना फोन केला. गप्प बसले जरा वेळ, मग म्हटले चाळीस वर्षं पाणी पाजलं की रं मी लोकास्नी.

मी पण एक करून बघितलं. नेहमीचीच स्ट्राँग आणली, पण फ्रिजमधनं काढून वीस मिनिटं बाहेर ठेवली आणि बाटलीतनं न पिता ग्लासात ओतली, फेस येऊ दिला. पहिला घोट गोड, दुसऱ्याला नाकात स्पिरिटगत झणका आला, जो गार असताना कधी कळला नव्हता. अर्धी प्यायलो, उरलेली ठेवली. दुसऱ्या दिवशी फौंड्रीकाकांसारखी पिल्सनर तशीच ग्लासात घेतली तर ती मला पाण्यागत लागली नाही, पावाच्या कडेगत चव आली आणि शेवटाला कडू. मॅचनंतर मी स्ट्राँगच घेणार, ते सोडत नाही, पण ग्लासातनं.

शाहूपुरीच्या ताई, ती विट कुठल्या शॉपीत मिळाली तेवढं सांगा. बायकोला धण्याचं सांगितलं तर ती म्हणते रविवारी पांढरा करते, आण.